शून्य न लिहिणारा माणूस

रोहण्याजवळच्या नाल्याचं उन्हाळी पाणी मोजायला सरकारनं एक माणूस ठेवला होता. पळसाचं पान धारेत सोडून, ते पुढच्या दगडापाशी पोचेपर्यंत तो मोठ्यानं आकडे मोजायचा; त्यामुळे त्याच्याशी गप्पा अशक्यच. एका दुपारी तो काठावर पालथा पडलेला दिसला. मी घाबरून धावलो, म्हणजे पोट सांभाळत जितकं धावता येतं तितकं.

"चूप राहा नं मास्तर! पान हालून राह्यलं."

"कुठं हलतंय? शून्य लिहा अन् घरी जा."

"शून्य लिवलं का धार आटली म्हन्तेत, अन् ह्या डोहातलं पाणी उपसाले इंजिन लागते. मंग हे मासे कसे जगतीन? दुसरीकडं कुठीच नाई उरले."

मीही शेजारी पालथा झालो. बऱ्याच वेळानं पान बोटभर सरकलं.

"दिसलं नं तुमाले?" त्यानं दोनदा विचारलं. इतक्या उन्हाळ्यांत हे विचारायला त्याला कोणी मिळालंच नव्हतं.