मावशींचा ब्रश

प्रयोगशाळेत भांडी घासणाऱ्या मावशींना डाग म्हणजे जन्माचा वैरी. एकदा त्यांनी काचेच्या बशांना चिकटलेला बुळबुळीत थर घासून पार काढला. ते साहेबांनी महिनाभर लाडाकोडात वाढवलेले जंतू होते! चांदीचे अतिसूक्ष्म कण त्या थरात घुसून त्यांना मारतात का, हे साहेब बघणार होते.

"उद्यापासून येऊ नका!" साहेब कडाडले.

"मारायचेच होते ना? मी मारले."

"गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर जंतूंचा असाच थर धरतो, औषध आत शिरत नाही. तिथं तुमचा ब्रश घालू?"

मावशींना नवऱ्याचा सांधा बदलल्यावर पू वाहणारा गुडघा आठवला.

दुसऱ्या दिवशी त्या हजर. "वाढवा तुमची घाण. मी राखण करते."

साहेब विद्वान, कालचं बोलणं सोयीनं विसरले.