बोट आणि आवाज

बाळांनो, रविवारी तुम्ही फोनवर कविता म्हणून दाखवत होता आणि मी मध्येच फोन ठेवला. तुम्ही रुसलात, असं तुमच्या आईने सांगितलं. मी फोन का ठेवला, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आजच लिहून ठेवते.

दारात एका मुलीचे वडील उभे होते. ही आठ वर्षांची मुलगी रोज चार वाजता माझ्याकडे वाचायला शिकायला येते. त्यांच्या घरी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की सगळे कळप घेऊन गोदावरीपलीकडे जातात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. गावात मागे राहते ती फक्त तिची आजी. वडिलांनी मला आधीच बजावलं होतं: पोरीला वाचता आलं तर आजीजवळ शाळेला ठेवीन, नाही तर मेंढरांमागे नेईन.

आणि आठवड्यापूर्वीच मला कळलं होतं की ती वाचतच नाही. एकदा ऐकलेलं तिला पाठ होतं. आवाज पानाच्या शेवटी पोचला तरी बोट वरच्याच ओळीवर रेंगाळायचं. त्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं आणि पाटीवर रोज नवे शब्द लिहू लागले. माझं कशातच लक्ष लागेना. दोनदा दूध उतू गेलं.

वडील उंबऱ्याशी बसले. सोबत त्यांची आई आणि मुलगी होती.

"बाई, वाचायलीय का न्हाई ही? आमी परवा निघायलाव."

मी काही बोलायच्या आत मुलीने पुस्तक उघडलं आणि धडाधडा म्हणायला लागली. म्हातारी खूश झाली. मी मात्र बोटाकडेच बघत होते. वडीलही तिकडेच बघत होते.

"थांब गं. तोंड खाली पोचलं अन् बोट वरच हाय की!" ते माझ्याकडे वळले. "रातच्याला जाळीच्या कुंपनात मेंढरं घेताना मी बोटानं मोजतो, बाई. बोट मागं राहिलं की मोजणी चुकली."

"तू काय परीक्षा घ्यायलास?" म्हातारी कडाडली. "शाळेच्या भिंतीवरून उड्या मारून पळायचास!"

ते हसले नाहीत. "खरं सांगा, बाई."

"पुस्तक पाठ आहे," मी म्हणाले. "वाचन आत्ता कुठे सुरू झालंय."

मुलीने मान खाली घातली. मी पाटी घेतली, तिने कधी न ऐकलेली ओळ लिहिली: काळी मेंढी गवत खाते.

"का... ळी..." बोट काळीवर. "में... ढी." बोट मेंढीवर. मग "ग" म्हणून ती खूप वेळ थांबली. मला सांगावंसं वाटत होतं, पण मी ओठ मिटून बसले. "गवत," ती म्हणाली. शेवटचा शब्द तिला आलाच नाही.

वडील पाटीकडे बघत राहिले. मग उठले. "लय हळू हाय. पण बोट बरूबर चाललंय. राहू द्या आजीजवळ. पावसाच्या वक्ताला आलो की परत बघतो."

ते येतील आणि आधी बोटाकडेच बघतील, हे मला ठाऊक आहे. काल तिने पुन्हा एक पाठ झालेली ओळ न बघताच म्हणून टाकली.

कळप गेला. मुलगी गावात आहे, चार वाजता येते आणि पाटीवरची ती ओळ अजून पुसलेली नाही; 'खाते' तिला वाचता येईपर्यंत नवे शब्द मी तिच्याखालीच लिहिते.