ज्या कामाला पट्टी नव्हती

कोऑर्डिनेटरने मला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं आणि माझी राहिलेली कामं मोठ्याने वाचायला लावली.

अबुधाबीतल्या आमच्या शाळेत स्टाफरूमच्या भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. प्रत्येक शिक्षकाच्या नावाखाली कामांच्या पट्ट्या. काम झालं की हिरवी, मुदत टळली की लाल. माझं सगळं लाल. वाचत गेले. नववीचे पेपर. लेसन प्लॅन. पालकांचे ईमेल. इतकी वर्षं गणित शिकवलेली बाई, आणि पाढा न आलेल्या पोरीसारखी उभी. तो हसून म्हणाला, "यू पीपल वर्क हार्ड. नाऊ लर्न टू वर्क स्मार्ट." काही जण हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कामं का राहायची? गोरे शिक्षक रजेवर गेले की त्यांचे वर्ग आम्हा भारतीय बायकांच्या गळ्यात. त्याला कव्हर म्हणतात. माझ्या मोकळ्या तासाला, पेपर तपासायच्या वेळी, मी दुसऱ्याची सहावी सांभाळायची. त्याची पट्टीच नव्हती. पट्टी नाही म्हणजे काम नाही. आणि मी मूर्ख, खलिफा सिटीहून येताना बसमध्ये टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ बघायची. दोष माझाच धरून चालले होते.

मी अजून उभीच होते, तर त्याने त्या दिवसाचं कव्हर वाटलं. "यल्ला, ग्रेड सिक्स, प्लीज," मलाच म्हणाला. यल्ला म्हणजे अरबीत चला.

शेजारची शबाना रत्नागिरीची. कुजबुजली, "गप बस गो. रिन्यूअल व्हायचंय तुझं."

खरं होतं. नोकरीचा करार संपत आलेला, व्हिसाही शाळेचा. लेकीला अर्धी फी माफ, तीही शाळेची. पण डोकं फिरलं होतं.

"पुट इट ऑन द बोर्ड, सर. अंडर माय नेम. देन आय विल गो."

तो म्हणाला, हे काम थोडंच आहे, ही तर मदत.

"देन आय ॲम नॉट हेल्पिंग."

मी खाली बसले. त्याने सहावीवर शबानाला पाठवलं. ती माझ्याकडे न बघता गेली.

घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "ममा, जस्ट से सॉरी." नाही म्हटलं.

रिन्यूअल अजून आलेलं नाही. जीव थाऱ्यावर नाही. फोन वाजला की आधी शाळेचा नंबर आहे का बघते. तरी रोज कव्हर येतं, रोज मी नाकारते, आणि रोज शबाना जाते. ते बघवत नाही. उद्या त्याने तिचं नाव घेतलं की मी उठणार आहे. पट्टी मागणार आहे, तिच्या नावाची. तिला आवडो न आवडो.