आठ-दहाचा फोन

शाळेच्या ऑफिसात बसून मी वीस वर्षं दाखले लिहिते आहे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी शाळेत जात नाही. कुणी चौकशी केली की मी विषय बदलते. ताईला अभ्यासाचं वावडं होतं असं कुणी म्हणणार नाही, ती कायम पहिल्या तिघांत असायची. पण तिसरीत एका बाईंनी तिची वही सगळ्या वर्गापुढे धरून चुका मोजून दाखवल्या होत्या. सतरा. बाई केव्हाच विसरल्या असतील, ताईने मात्र त्या सतराच्या सतरा जपून ठेवल्या. मुलगी झाली तेव्हाच तिने ठरवून टाकलं, हिच्या चुकांवर कुणी बोट ठेवायचं नाही. आणि ताईने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. एका जागी बसत नाही, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. बाराव्या वर्षी तिला नळाचा वॉशर बदलता यायचा, विजेचं मीटर वाचता यायचं, बटण लावता यायचं, अर्ज लिहिता यायचा आणि घरात असेल त्यात चौघांचं जेवण रांधता यायचं. आमच्या शाळेतल्या दहावीच्या पोरांना पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा ते कळत नाही, हे मला मान्य आहे. पण ताईसमोर मी ते कधी मान्य केलं नाही.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात, सकाळी सातला जे जातात ते अंधार पडल्यावर येतात. कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतून त्यांनी एक जुनं दार आणलं होतं. ते दोन बुटक्या कपाटांवर आडवं टाकलं की झालं टेबल. शाळा तिथेच, जेवण तिथेच, इस्त्रीही तिथेच. कुलपाच्या भोकात पेन्सिली उभ्या.

त्या टेबलाचा नियम एकच. चूक दिसली तरी सांगायची नाही. थांबायचं. पोर आपली आपण शोधते. मुंगीला चूक सापडली की ती पळत यायची, "आई, सापडली," आणि ताई म्हणायची, "शाबास." गणित बरोबर आलं तर शाबास नाही, चूक सापडली तर शाबास. एकदा पोरीने सूप केलं आणि मीठ विसरली. मी तोंड उघडणार तोच ताईने टेबलाखाली माझा पाय दाबला. आम्ही दोघी आजाऱ्यासारख्या ते आळणी पाणी पीत बसलो. तिसऱ्या घोटाला मुंगी ओरडली, "मीठ." तिचा चेहरा असा उजळला की मीही हसले. हसले, हे मी लपवत नाही.

अभ्यासाइतकाच ताईचा भर दुसऱ्यांच्या कामावर. बुधवारी दोघी वाचनालयात जाऊन फाटकी पुस्तकं चिकटवायच्या. आणि रोज सकाळचे फोन. आरोग्य केंद्रातल्या नर्सने अकरा नावं दिली होती, एकटी राहणारी म्हातारी माणसं. आठ वाजता सुरुवात करायची, एकेकाला फोन करून बरे आहात ना विचारायचं. कुणी उचलला नाही तर ताईला सांगायचं, मग ताई स्वतः जाऊन बघायची. फोन मुंगी करायची. दीड वर्षात एक दिवस खाडा नाही.

पाचवा फोन घड्याळजींचा. दोन इमारती सोडून राहायचे. हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली, पुढे हात कापायला लागले म्हणून दुकान बंद केलं. पहिल्या रिंगला उचलायचे आणि हॅलो म्हणायच्या ऐवजी सांगायचे, "आठ वाजून दहा मिनिटं. टिकटिक चालू आहे. पुढच्याला फोन कर." मुंगी दुपारी कधीकधी त्यांच्याकडे जाऊन बसायची. गजराचं घड्याळ उघडायला तिला त्यांनीच शिकवलं. मी एकदा म्हटलं, "आजोबा, पोरीला धंद्याला लावताय वाटतं." तर म्हणाले, "नाही हो, मला सोबत पाहिजे. धंदा काय, बुडालेलाच आहे."

पुढचं मला दोन हप्त्यांत कळलं. पहिला हप्ता, ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी संध्याकाळी.

त्या आठवड्यात धडा चालला होता अकारविल्हे यादी करण्याचा. मुंगीने फोनची यादी आडनावांप्रमाणे नव्याने लिहून काढली, पट्टीने रेघा मारून. त्यात घड्याळजींचं नाव गळलं. क्रम बदललेला, त्यामुळे सवयीने जीभ जिथे वळायची तिथे वळली नाही. ती ओळीवर बोट ठेवून फोन करत गेली. एक रिटायर झालेल्या शिक्षिका आजी आहेत, त्यांनी गुडघ्यांवर दहा मिनिटं घेतली, मग वेळेचा अंदाजही राहिला नाही. दहा फोन झाले, दहा खुणा झाल्या. त्यानंतर दोघींनी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्तीला उघडला. वरचा कॉक नीट बंद झाला नव्हता. पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत गेलं. अकरापर्यंत दोघी पुसत होत्या.

एक वाजता जेवताना मुंगीचा हात थांबला. म्हणाली, "आज टिकटिक ऐकलीच नाही." उठली, जुनी यादी शोधून आणली, नवीच्या शेजारी ठेवली आणि ताईकडे पळत आली. "आई, सापडली. मी एक नाव गाळलं."

ताई म्हणाली, "शाबास."

मग फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग दोघी जिना उतरून धावत सुटल्या. घड्याळजींच्या घराची किल्ली खालच्या शिंप्याकडे असायची. ते न्हाणीत पडले होते. अंगावर टॉवेल ओढून घेतलेला होता, म्हणजे थंडी वाजण्याइतका वेळ गेला होता. डॉक्टर आले, तपासलं आणि दारात उभे राहून शिंप्याला म्हणाले, "सकाळीच कळलं असतं तर काही करता आलं असतं. अकरापर्यंत तरी जिवंत असावेत." डॉक्टरांना काय माहीत, पाठीमागे जिन्यात कोण उभं आहे ते. मुंगीने शब्दन् शब्द ऐकला.

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, ते काम मला जमतं. तिने वेगळंच सुरू केलं. गॅसचं बटण तीनदा बघायचं. कडी तीनदा. नळ तीनदा. पुस्तकाचं पान तीनदा वाचून मगच उलटायचं. घरचं जेवण रांधायला तिला आता दोन तास लागायचे. आणि आठ वाजून दहा मिनिटं झाली की जिथे असेल तिथे थांबायची. अर्धी वेणी हातात धरून उभी. मिनिटभर. मग पुन्हा सुरू. घरात वेळेबद्दल कुणी बोलेना. किती वाजले, हे विचारायचीसुद्धा चोरी झाली. भावजींनी भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं असं सांगून उतरवलं आणि कपाटात ठेवलं. कपाटातून ते ऐकू यायचंच. शेवटी त्यांनी सेल काढून टाकला. त्यानंतरही मला त्या घरात बसलं की ते ऐकू यायचं, आणि मी काही हळव्या मनाची बाई नाही.

चार महिन्यांनी मी रजा काढून त्यांच्याकडे राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेले, तर ताई तिथे कानाला फोन लावून उभी. बोलत नव्हती. मी विचारलं, "कुणाला गं?" तिने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत होती.

"त्यांचाच नंबर," ती म्हणाली. "अजून कुणी बंद केलेला नाही. तिथे रिकाम्या खोलीत वाजतोय."

मी फोन कानापासून दूर केला. "किती दिवस चाललंय हे?"

"रोज. कुणी उचलेल असं नाही वाटत मला, वेड नाही लागलेलं. पण वाजवला नाही की दिवसभर वाटतं, आज पुन्हा राहिला."

मी म्हटलं, "ताई, पोरीच्या हातून चूक झाली, लहान आहे ती. तू अशी झुरायला लागलीस तर तिने कुणाकडे बघायचं?"

तेव्हा दुसरा हप्ता कळला.

"मी बघितलं होतं," ताई म्हणाली. "पहिल्या फोनच्या आधीच. तिने नवी यादी मला दाखवायला आणली. मी ओळी मोजल्या. दहाच होत्या. कोण राहिलंय तेही कळलं. मी बोलले नाही. नुसतं म्हटलं, एकदा बघून घे. ती म्हणाली, बघितली. म्हटलं, शोधेल आपली आपण. नऊ वाजता तिच्या नकळत मीच फोन करून टाकणार होते. मग ते पाणी आलं आणि मी विसरले. ती 'सापडली' म्हणाली ना, तेव्हा 'शाबास' आधी तोंडातून गेलं. मग आठवलं."

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण त्या क्षणी तिच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. "आणि पोर चार महिने स्वतःला मारेकरी समजतेय, ते तू बघत बसलीस? हेही ती आपली आपण शोधेल म्हणून?"

"सांगितलं तर तिला काय उरेल?" ताई म्हणाली. "तुझ्या शाळेतल्या पोरीला बाई वाईट मिळाल्या तर ती घरी येऊन आईला सांगते. हिची बाई मीच, आईही मीच. ही कुठे जाईल?"

उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी ख्याती आहे, पण पुढचे आठ दिवस मीसुद्धा त्या दाराच्या टेबलाशी मुंगीसमोर बसून जेवले आणि गप्प राहिले. ती माझ्या ताटाला मीठ लागतंय का, ते तीनदा विचारायची. मी तीनदा सांगायची, लागत नाही. ताईला बोलायचा मला काय अधिकार?

आठव्या दिवशी दुपारी नर्स आली. चांगली बाई, पण बोलायचं कसं ते ठरवून आलेली दिसत होती. मुंगी आता प्रत्येकाला दिवसातून तीनदा फोन करायची, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शिक्षिका आजींनी तक्रार केली होती, "ती पोर इतक्यांदा आहात ना, आहात ना विचारते, की संध्याकाळपर्यंत मी असेन की नाही अशी मलाच धास्ती वाटायला लागलीय." नर्स म्हणाली, "बाळा, खूप केलंस. आता थोडे दिवस यादी माझ्याकडे असू दे."

मुंगी आतून यादी घेऊन आली. देण्याआधी बोटाने नावं मोजली, तीनदा. नर्स दारात उभी राहून वाट बघत होती. यादी घेऊन ती गेली.

मुंगी टेबलाशी बसली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. म्हणाली, "माझ्यामुळे ते गेले म्हणून काढून घेतली ना?"

चार महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं. मी ताईकडे बघितलं. आता ही बोलली नाही तर मी बोलणार, असं मी मनात म्हटलं. पण बोलायची वेळ आली नाही. ताई उभ्याउभ्याच सांगायला लागली. यादी, दहा ओळी, नऊ वाजता करायचा राहिलेला फोन, शाबास. काही गाळलं नाही. स्वतःची बाजूही मांडली नाही. शेवटी म्हणाली, "त्यात तुझी चूक एका ओळीची होती. माणूस गेला तो माझ्या गप्प बसण्याने."

मुंगी म्हणाली, "मला माहीत आहे."

ताईने विचारलं, "काय माहीत आहे?"

"तू मोजलंस ते. तुझं बोट ओळींवरून खाली जात होतं. ओठ हलत होते. मी बघत होते."

"मग तेव्हा मला विचारलं का नाहीस?"

"मिठाचं तू सांगत नाहीस, गणिताचं सांगत नाहीस, ते मला माहीत होतं," मुंगी म्हणाली. "पण ही माणसांची यादी होती. यात चूक असती तर तू सांगितलं असतंस, असं मला वाटलं. म्हणून मी पुन्हा नाही बघितली." तिचा आवाज चढला नव्हता. नळाचं काय झालं ते सांगावं तशी ती सांगत होती. "आता मी सगळं तीनदा बघते. चुकलं तर कुणी सांगणार नाही ना."

ताई मुंगीच्या शेजारी येऊन बसली. इतकी वर्षं ताईशी वाद घालायला मी जे जे साठवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर मला आठवेना.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. घड्याळजींच्या खोलीत नवीन माणसं आली, नंबर बंद झाला. मुंगी शाळेत जात नाही, मी फॉर्म नेऊन ठेवला होता, तो तिने नीट घडी करून मला परत दिला. त्या टेबलाचा नियम मात्र मोडला. आता चूक दिसली की ताई लगेच सांगते, बारीकसारीकसुद्धा, कधीकधी नसलेलीही. मुंगी ऐकून घेते, बरं म्हणते, आणि ताई दुसरीकडे वळली की पहिल्यापासून पुन्हा तीनदा बघते.