मुंढ्यापाशी बंद पडणारा कम्प्युटर

जयवंताबाई गावंडे ब्लाउजची कटिंग शिकवायच्या. खापरखेड्याच्या कॉलनीत होत्या तेव्हा ओसरीत चटई टाकून शिकवायच्या. नवरा ताराचंदराव वीज केंद्रातून निवृत्त झाला आणि दोघं नागपुरात गोधनीला राहायला आली, तसं शिकवणं कम्प्युटरवर गेलं. ही कल्पना त्यांच्या मुलाची, अश्विनची. पुण्याला नोकरीवर परत जाण्याआधी त्याने आपला जुना कम्प्युटर आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाखाली बसवला, वर कॅमेरा टांगला आणि कुठलं बटण कधी दाबायचं ते वहीत लिहून दिलं. दिवाळीनंतर रोज दुपारी तीन वाजता चौदा बायका पडद्यावर जमू लागल्या. कोणी कन्हानची, कोणी खाप्याची, दोघी तर थेट काटोलच्या.

मार्च लागला आणि कम्प्युटरचं तंत्र बिघडलं. वर्ग ऐन रंगात आला की पडदा एकदम काळा. ना सूचना, ना आवाज. परत सुरू केला की पाच-सात मिनिटं चालायचा आणि पुन्हा बंद. जयवंताबाईंचं माप घेणं, खडूने आखणं व्हायचं आणि मुंढ्याच्या गोलाईवर, म्हणजे जिथे बाही जोडतात आणि कात्रीची खरी परीक्षा असते, तिथेच तो दगा द्यायचा.

एकदा खाप्याच्या यमुताईंचा फोन आला. "बाई, मुंढा कुठवर कापाचा ते सांगता सांगता तुमी गायब झाल्या. मी कापला अंदाजानं. आता घातला तर हातच वर होत नाही. नमस्कारही कोपरातूनच करून राहिली."

जयवंताबाई हसल्या खऱ्या, पण मनातून खजील झाल्या. बाईने नवं कापड कापलं होतं, ते आपल्या शब्दावर.

अश्विनने फोनवरून सांगितलं की व्हायरस असेल. एका रविवारी त्याने फोनवरून एकेक बटण सांगत कम्प्युटरमधलं सगळं पुसून नव्याने भरून घेतलं. सोमवारी तो मुंढ्यापाशी बंद पडला. मग ताराचंदरावांनी तो उचलून उन्मेषच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. उन्मेषने झाकण काढून दोन दिवस चालवला. एकदाही बंद पडला नाही. "काका, याले काहीच झालं नाही," म्हणत त्याने झाकण लावून परत दिला. घरी आला, त्याच दुपारी पुन्हा काळा.

"काहून असं करून राहिला हा?" जयवंताबाई कपाळाला हात लावून बसल्या. "दुकानात शहाणा, घरी आला का रुसते. मी वर्गच बंद करतो. बायकाईले सांगून टाकतो."

"थांब नं वं जरा," ताराचंदराव म्हणाले.

त्यांची तीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली होती. दर तासाला काटे बघायचे आणि नोंद करायची, हे हाडात मुरलेलं. त्यांनी आधी मीटर लावून घरातला करंट तपासला. तो बरोबर होता. मग एक कोरी वही घेऊन खुर्ची टाकून बसले. चार दिवस दुसरं काम नाही. सकाळी सातला सुरू केला, सव्वा तास चालला. दुपारी वर्गाला, बावीस मिनिटं. लगेच पुन्हा, सहा मिनिटं. संध्याकाळी कुलर टेबलाकडे वळवून ठेवला, पावणेदोन तास.

"आमच्या केंद्राच्या भाषेत याले ट्रिप होणं म्हणतात," त्यांनी बायकोला समजावलं. "मशीन बिघडलं म्हणून नाही, बिघडू नये म्हणून सोताच बंद होते. कशाले भिऊन राहिलं ते शोधाचं."

जयवंताबाईंनी वही हातात घेतली. चष्मा लावून चारही दिवसांची पानं दोनदा वाचली. सकाळी जास्त, दुपारी कमी, कुलरसमोर सगळ्यात जास्त. दुकानात झाकण उघडं होतं.

"अवो, हा तापून राहिला," त्या म्हणाल्या. "माही मशीन बी अशीच तापते. सुईखालची पट्टी दोन-तीन दिवस साफ नाही केली का रुई दाटते अन् जड चालते. हा माह्या टेबलाखाली बसते. वरून पडलेली सगळी रुई कोण गिळत असंन?"

ताराचंदरावांनी वही मिटली. एवढं साधं, आणि चार दिवस काटे बघून त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तार काढून दोघांनी कम्प्युटर अंगणात आणला. व्हिडिओ कॉल लावून अश्विनला समोर बसवलं. झाकण निघालं. आतला पंखा दिसत होता तर ठीकठाक. उन्मेषने वरची धूळ झटकलीही होती. "आई, पंख्याचे चार स्क्रू काढ," अश्विन म्हणाला. शिलाई मशीनचा पेचकस नेमका बसला. पंखा उचलला आणि खाली, जिथे पत्र्याच्या बारीक फटींतून हवा जायची, तिथे दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर निघाला. बोटाने ओढला तर अख्खी चिंधीच हातात आली. पोपटी, राणी, हळदी, जांभळा. जयवंताबाईंनी ती उन्हात धरली.

"हा राणी रंग कन्हानच्या लग्नातल्या ब्लाउजाचा," त्या म्हणाल्या. "अन् ही अस्तराची रुई. अख्खं लगीनसराईचं काम याच्या पोटात हाये."

फोनवर अश्विन हसू लागला. ताराचंदरावांनाही हसू आवरेना. मशीन साफ करायच्या ब्रशने जयवंताबाईंनी एकेक फट मोकळी केली. नंतर ताराचंदरावांनी कम्प्युटर टेबलाखालून काढून भिंतीशी, उंच पाटावर मांडला.

त्या दुपारी वर्ग सुरू झाला. बावीस मिनिटं झाली तेव्हा जयवंताबाईंचा खडू जरा अडखळला. दारातून ताराचंदरावांनी हातानेच सांगितलं, चालू दे. मुंढा आला. जयवंताबाईंनी गोलाई आखली, बोट ठेवून दाखवली, सावकाश कात्री चालवली. "आता तुमी," म्हणाल्या, आणि चौदा घरांत चौदा कात्र्या चालू लागल्या. मुंढा झाला, बाही झाली, बाही जोडूनही झाली. सव्वापाच वाजले तरी पडदा उजळ होता.

यमुताईंनी नवा ब्लाउज अंगात घातला आणि कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात वर केले. पार डोक्यावर. मग तिथल्या तिथे एक फुगडीची गिरकी घेतली. बाकीच्या बायका टाळ्या वाजवू लागल्या. वर्ग संपला होता तरी कोणी जाईना. काटोलच्या एकीने विचारलं, "बाई, पुढच्या महिन्यात कुडता शिकवान का? आमच्या बुढ्याले शिवून द्याचा हाये."

"शिकवतो नं," जयवंताबाई म्हणाल्या. "कापड धुवून ठेवा फक्त. न धुता कापलं तर मंग माह्या नावानं बोंबलू नका."

आणि त्यांनी कोऱ्या कागदावर कॉलरचं माप आखायला घेतलं.