आमच्या कॉम्प्युटरचा चढता आलेख

आमचा कॉम्प्युटर चालू व्हायला रोज किती वेळ लागतो, याचा सलग त्र्याऐंशी दिवसांचा आलेख माझ्याकडे आहे. फुकट देतो म्हटलं तरी तो कोणी नेत नाही.

सिडकोतल्या आमच्या घरात मी, माझी बायको सुनंदा आणि हा कॉम्प्युटर असे तिघंच राहतो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा जुना म्हणून तो मागे ठेवून गेला (कॉम्प्युटरबद्दल बोलतोय, आम्हा दोघांना त्याने जुनं असं तोंडावर म्हटलेलं नाही). वीज बिल, नातवाचे फोटो आणि सुनंदाची भजनं एवढंच त्याचं काम. पण एके दिवशी सुनंदा सहज बोलून गेली, "अहो, हे हल्ली लई वेळ घेतंय सुरू व्हायला."

आता, "लई वेळ" म्हणजे किती? माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली. पट्टीवर पाण्याची पातळी बघायची, वहीत लिहायची, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. रीडिंग चुकलं तर खाडाखोड करायची नाही, पुन्हा घ्यायचं, हा आमचा कायदा. आकडा नसलेलं वाक्य ऐकलं की मला अजून अंगाला खाज सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलो.

पहिलाच प्रश्न असा आला, की कॉम्प्युटर चालू झाला असं म्हणायचं कधी? पडद्यावर गणपतीचा फोटो आला तेव्हा? पण त्यानंतरही ते निळं कडं गोल गोल फिरतच असतं. मी नियम केला: कडं फिरायचं थांबलं की चालू.

"माझ्या हिशेबानं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की चालू," सुनंदा आतून म्हणाली.

"सुनंदा, हे शास्त्र आहे."

"मग कुकर काय हाय?"

पहिलं रीडिंग तीन मिनिटं दहा सेकंद आलं. फ्रिजच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवून मी पहिला ठिपका दिला. निवृत्तीनंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटलं, हे कबूल करतो.

आता नुसतं मोजून काय उपयोग? सुधारणा नको? मी व्हिडिओ बघून एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो म्हणे कॉम्प्युटरचा वेग वाढवतो. मग कचरा साफ करणारा दुसरा. स्टॉपवॉचवर अंगठा पुढेमागे पडतो म्हणून माझ्या रीडिंगचा ताळा करायला सेकंद मोजणारा तिसरा. पहिले दोन नीट काम करतात की नाही यावर लक्ष ठेवणारा चौथा. प्रत्येक जण आत येताना नम्रपणे विचारायचा, "कॉम्प्युटर चालू होताना मीही आपोआप चालू होऊ का?" दारात आलेल्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धतच नाही. मी सगळ्यांना हो म्हटलं.

आणि तरी रीडिंग वाढतच गेलं! चार मिनिटं. साडेपाच. सात! मी आणखी दोन प्रोग्रॅम आणले. आठ मिनिटं! फ्रिजचं दार अपुरं पडलं तेव्हा मी आलेख कॉम्प्युटरवरच काढायला शिकलो, रंगीत, आकड्यांसकट. सकाळी उठून फाइल शोधायला नको म्हणून तीही आपोआप उघडेल अशी सोय करून ठेवली. त्र्याऐंशीव्या दिवशी रीडिंग आलं अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मला काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, रेघ इतकी सुंदर चढत होती की मी त्या चित्राचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

तो फोटो माझा मेहुणा, सुनंदाचा भाऊ दत्ता याने त्याच्या गावी, देवगाव रंगारीत बघितला आणि घोटाळा तिथे झाला. त्याला वाटलं, ज्या माणसाकडे कॉम्प्युटरचा एवढा अभ्यास आहे, त्याच्याकडे कॉम्प्युटरही तसाच असणार. त्याची मुलगी पल्लवी बारावी झालेली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची गाय विताना अडली आणि डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झाला, तेव्हापासून पोरीने हे मनावर घेतलं होतं. कॉलेजांच्या पसंतीची यादी ऑनलाइन भरायची शेवटची तारीख आली होती, संध्याकाळी पाचपर्यंत. मोबाइलवर ती लांबलचक यादी वरखाली सरकता सरकेना आणि गावातलं अर्ज भरायचं सेंटर नेमकं बंद.

"दाजी, तिथं चौकात एखादं नेटकॅफे असंल ना?" दत्ताने सकाळी फोनवर विचारलं.

"कॅफेत कशाला? मी मेलो का? सरळ घरी या!" मी म्हणालो. हे वाक्य सुनंदा मला आजही अधूनमधून ऐकवते.

दोन वाजता दोघं एसटीतून उतरून आले. पाणी प्यायलं आणि पल्लवी कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला बसली. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मी तिचा मामा.) दहाचं रीडिंग मी मुद्दाम पाहुण्यांसमोर घ्यायला राखून ठेवलं होतं. मी ऐटीत बटण दाबलं.

"दाजी, हे चालू झालं का बंद पडलं?" पाच मिनिटांनी दत्ताने हळूच विचारलं.

"चालू होतंय. मध्ये बोलू नको, रीडिंग चुकतं."

दत्ता श्वास रोखून बसला. बारा मिनिटांनी कडं थांबलं. पल्लवीने माउसला हात लावला आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की पाहुण्यांच्या गडबडीत मी स्टॉपवॉच सुरूच केलं नव्हतं! त्र्याऐंशी दिवसांत एकही खाडा नाही, आणि आज ठिपका गाळायचा? तीस वर्षांची सवय माझ्या बोटात शिरली. मी पल्लवीच्या हाताखालून माउस घेतला आणि कॉम्प्युटर बंद केला.

"अहो! काय केलंत हे?" सुनंदा ओरडली.

"एकच मिनिट. पुन्हा घेतो."

पडद्यावर अक्षरं आली: अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. चौदा टक्के.

हे अपडेट मी महिनाभर "नंतर" म्हणून पुढे ढकलत होतो, कारण त्यामुळे आलेखात खंड पडला असता. आता ते सगळं साचलेलं एकदम अंगावर आलं. चौदाचे पंधरा टक्के व्हायला नऊ मिनिटं लागली. (हे मात्र मी मोजलं. सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की मोबाइल खिशात ठेवला.)

दत्ता चपला पायात अडकवून चौकातल्या कॅफेकडे पळाला आणि घामाघूम होऊन परत आला. "दाजी, तिथं दाराबाहेरपर्यंत लाइन हाय. आपला नंबर काय पाचच्या आत येत नाय. ह्ये किती आलं?"

"एकतीस टक्के."

"पास तरी कितीला करतेत हो ह्याला?"

कोणी हसलं नाही. पल्लवी पिशवीची कड चुरगाळत होती. पाच वाजले आणि हे असंच राहिलं, तर पोरीचं अख्खं वर्ष माझ्या एका ठिपक्यापायी जाणार होतं.

चार वाजायच्या सुमारास अपडेट संपलं, गणपती दिसला, आणि माझे सगळे प्रोग्रॅम एका रांगेत बाहेर आले! पहिला म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीनशे बारा दोष आहेत, दुरुस्त करू? दुसरा म्हणाला, पहिल्यावर विश्वास ठेवू नका. तिसऱ्याने अभिनंदन करून नवीन उच्चांक झाल्याचं सांगितलं. त्या सगळ्यांच्या वर माझा त्र्याऐंशी दिवसांचा रंगीत आलेख अर्धाच उघडला आणि तसाच थिजला. माउस हलेना. मी घाबरून एकदम चार ठिकाणी दाबलं, तसा आवाज येऊन सुनंदाचं भजन सुरू झालं. ते मात्र अडखळलं नाही, मोठ्यांदा वाजत राहिलं.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

"मामा," पल्लवी उठून उभी राहिली. आवाज बारीक, पण चेहरा असा की मी सरळ झालो. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"पण तुला माहीत नाही गं, यातला वेग वाढवणारा प्रोग्रॅम..."

"बाहेर या म्हणते ना पोरगी!" सुनंदाने मला दंडाला धरून ओसरीवर आणलं आणि दार लोटून घेतलं.

मी पायरीवर बसलो. शेजारी दत्ता. आतून भजन बंद झालं. मग प्रश्न यायला लागले.

"मामा, हे सहा प्रोग्रॅम कशाला हायेत?"

"वेग वाढवायला!"

"सगळे संगंच चालू व्हतेत. म्हणून तर अडकतंय. बंद करू?"

"कर," मी म्हणालो.

"आन् हा आलेख? रोज ह्याच्यातच दोन-तीन मिनटं जातेत की!"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या कडुनिंबाकडे बघितलं. "तोही कर," मी म्हणालो, आणि दाताचा डॉक्टर दाढ काढतो तेव्हा निघतो तसला आवाज माझ्या तोंडून निघाला.

"मामा, आता बंद करून पुन्हा चालू करावं लागंल."

पाचला वीस-बावीस मिनिटं शिल्लक असताना पुन्हा चालू करायचं! आत बटणाचा आवाज झाला. दत्ताने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी देवाचं नाव घ्यायला लागलो, तर एक माळही झाली नसेल, आतून सुनंदाची किंकाळी आली, "झाला! झाला चालू!"

मी उडी मारून उठलो. "किती लागले? किती सेकंद?"

कोणीच मोजलं नव्हतं! माझ्या कॉम्प्युटरच्या इतिहासातलं सर्वांत उत्तम रीडिंग, आणि घरातले चौघं जण असून एकाच्याही हातात घड्याळ नाही! पण आत जायला पाऊल उचललं तर सुनंदा दारात उभीच होती.

मग पल्लवीने यादी भरली. मधेच दत्ताच्या मोबाइलवर ओटीपीचा नंबर आला. तो त्याने चष्मा नसल्यामुळे मोबाइल हातभर लांब धरून, एकेक आकडा दवंडी पिटल्यासारखा खिडकीतून ओरडून सांगितला. पाचला आठ मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, की अर्ज निश्चित झाला. पल्लवी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. दत्ता तिथेच फरशीवर बसला. माझा जीव असा भांड्यात पडला की माझेही डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत. सुनंदाने चौघांना चहा दिला. माझ्या कपात साखर टाकायची ती विसरली, पण मी ती मागितली नाही.

महिन्याभराने पल्लवीचा नंबर लागला, परभणीला. दत्ताचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सुनंदाला चक्क मिठी मारली (एकोणचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा!). त्या रविवारी पोरगी पेढे घेऊन घरी आली. शेजारचे दोघं-तिघं जमले होते. तिने माझ्या पाया पडून सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या ॲडमिशनला मामांची लई मदत झाली. त्यांच्याबिगर जमलंच नसतं."

माझी छाती फुगली. शेजाऱ्यांकडे बघत मी मुद्दाम विचारलं, "असं? काय गं मदत केली मी एवढी?"

पल्लवीने अगदी मनापासून उत्तर दिलं, "शेवटचा पाऊण तास तुम्ही बाहेर बसलात ना!"