सोफ्याच्या लेबलावरची फुली

शाळेत बाई बरोबर गणिताला टिक करायच्या आणि चुकलेल्याला फुली. मी नोकरी करतो त्या प्लँटमध्ये सेफ्टीच्या तपासणीतही तेच, ठीक तिथे टिक, नापास तिथे फुली. फुलीला दुसरा काही अर्थ असतो हे चाळिशी गाठेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

इथे आखातात, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातल्या आमच्या कंपाउंडमधल्या, म्हणजे कुंपणाच्या वसाहतीतल्या, शेजारच्या अमेरिकन बाई कायमच्या परत निघाल्या होत्या. जाताना सोफा आम्हाला देऊ केला आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आग लवकर लागू नये म्हणून पूर्वी फोममध्ये केमिकल घालायचे. ती धुळीतून पोटात जातात, लहान मुलांना तर वाईटच. आता आमच्या राज्यानं कायद्यानं बंद केलंय, पण हा सोफा त्याआधीचा. खाली लेबल आहे, वाचून ठरवा."

बायकोला सातवा महिना होता. मी सोफा उलटा केला. लेबलावर दोन ओळी होत्या, 'केमिकल घातली आहेत' आणि 'केमिकल घातलेली नाहीत'. पहिलीपुढच्या चौकटीत ठसठशीत फुली.

"खोडलंय. नाहीत यात."

"नक्की ना?" तिनं विचारलं.

"अगं, दिवसभर मी हेच तर करतो!"

दुसरी चौकट रिकामी का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. शहाणपणाच्या तोऱ्यात तो पडला नाही.

मुलगी झाली. नाशिकहून आई आली. सोफ्याची एक उशी जास्तीची होती. आईनं तिचा फोम कापून, जुन्या सुती साडीची खोळ शिवून नातीला छोटीशी गादी केली. कापताना पिवळा भुगा पडला, तो आम्ही झाडून टाकला. दात येऊ लागले तशी पोरगी त्या गादीचा कोपरा चघळत बसायची आणि आम्ही कौतुकानं फोटो काढायचो.

मग एक दिवस ऑफिसात अमेरिकेहून नवा फॉर्म आला. वर सूचना होती, लागू असेल त्या चौकटीत फुली मारा. "ही काय उलटी पद्धत!" म्हणून मी हसलो आणि पुढच्याच क्षणी मला सोफ्याच्या लेबलावरची फुली आठवली.

घरी आलो तेव्हा मुलगी गादीवर पालथी झोपली होती, तोंड खोळीत खुपसून. मी तिला उचललं, बायकोला आणि आईला सगळं सांगितलं. बायकोनं मुलीला माझ्याकडून घेतलं आणि तिचं तोंड पुसलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आई गादी उसवायला बसली.

"वाचलं होतंस ना रे?"

"वाचलं होतं."

"आणि मी बाई माझ्याच हातानं कापून दिलं तिला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. चूक माझी होती आणि रडत ती होती, याची मला फार लाज वाटली.

सोफा त्याच संध्याकाळी बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी मुलीला तपासलं. वाढ चांगली आहे, घाबरू नका, लक्ष ठेवू, म्हणाले. त्याआधी नर्सनं एक फॉर्म हातात दिला होता. वर मुलीचं नाव, खाली प्रश्न होता, घरात घातक रसायनांशी संपर्क आला आहे का? हो, नाही. योग्य चौकटीत फुली मारा.

बायको शेजारून बघत होती. मी सूचना दोनदा वाचली आणि 'हो'पुढे फुली मारली.